अकरावा आवाज

जालन्याच्या त्या बियाणं-प्रयोगशाळेत आता कुणी कुणाला हाक मारत नसे. एकीला चिमटा हवा असला की शेजारणीचा हात आपसूक तो पुढे सरकवी. सगळ्यांच्या कपाळाला मेळपट्टी बांधलेली होती. कावेरी सोनटक्केच्याही होती. पण तिला चिमटा स्वतः उठून आणावा लागे. ती उठली की बाकीच्या दहाही जणींच्या माना एकदम वळत आणि दहाही चेहऱ्यांवर एकच आठी उमटे.

कावेरी स्वमग्न होती. तिशी ओलांडल्यावर, अशा माणसांना कामावर घेणं सक्तीचं करणाऱ्या नव्या कायद्यामुळे, तिला ही पहिली नोकरी मिळाली. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडायची, दाण्याला कोंब नीट फुटलाय का पाहायचं. यात तिचा दिवस सुखात गेला असता. पण एकदा तिचा डबा मोरीत उपडा सापडला. मग एक दिवस तिची खुर्चीच बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलेली दिसली.

"तू जवळ आलीस ना, की जेवताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं," शेजारच्या टेबलावरची प्राची म्हणाली. "मला एकटीलाच नाही. सगळ्यांना."

मेळपट्टी बनवणाऱ्या डॉ. उर्मिला जहागीरदार तपासणीला आल्या, तेव्हा कावेरीने त्यांना गाठलं.

"माझं काय चुकतं?"

"चुकत काही नाही गं. सभेत टाळ्या वाजतात, त्या आधी कशाही पडतात, मग हळूहळू एका ठेक्यात येतात, बरोबर? मेंदूतही विजेचे बारीक ठेके असतात. माणसं एकत्र काम करतात तेव्हा ते थोडेफार जुळतात. पट्टी ते पुरते जुळवते. मग एकीला वाटलेलं दुसरीला न सांगता कळतं. तुझा ठेका तेवढा जुळत नाही, आणि त्यामुळे त्यांचाही मोडतो."

"मग मला पट्टी नको."

"पट्टीवाचून इथं कुणालाच काम देत नाहीत." डॉक्टर जरा घुटमळल्या. "जोर वाढवून पाहता येईल. तुझी हरकत नसेल तर."

"मग त्यांना काय वाटतं ते मला कळेल?"

"कळेल."

लोक मधेच का हसतात, आपण आलो की गप्प का होतात, हे कोडं कावेरीला लहानपणापासून छळत आलं होतं. ती म्हणाली, "वाढवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जोर वाढवला. आधी प्राचीचा दुखरा गुडघा कावेरीला आपल्याच पायात ठणकला. कुणाला तरी चहाची तलफ आली, ती तिच्या जिभेवर उतरली. तिचा हात आपसूक पुढे झाला आणि चिमटा शेजारणीच्या हातात गेला. कुणीही न बोललेल्या विनोदावर ती सगळ्यांबरोबर खळखळून हसली. असं ती जन्मात हसली नव्हती.

मग ठेका पुरता बसला आणि तळातून दुसरंच काही वर आलं. किळस. या खोलीत कुणीतरी नकोसं आहे. तिचं ते डुलणं, तो सपाट आवाज, नजर चुकवणं! कावेरीचे दात आवळले गेले. कोण ती? दहा जणींच्या नजरा जिथे खिळल्या होत्या, तिथे तीच उभी होती.

"हिला काढा इथून!"

अकरा जणी एका दमात ओरडल्या.

डॉक्टरांनी धावत जाऊन कावेरीच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली. दारात व्यवस्थापक भालेराव उभे होते. त्यांचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंत ना, मॅडम? कायद्याने आम्हाला हिला काढता येत नाही. पण तीच स्वतःहून म्हणत असेल तर..."

"ते तिचं बोलणं नव्हतं! पट्टीचं होतं."

"मग आता विचारा. आता कुठे पट्टी आहे?"

डॉक्टर तिच्यापुढे वाकल्या. "कावेरी, तुला इथं काम करायचंय ना?"

कावेरी आपले तळहात एप्रनला पुसत होती, परक्या कुणाला चुकून हात लागला असावा तशी. पुसून झाल्यावर तिने पुन्हा पुसले.

"ही बाई," स्वतःच्याच छातीकडे बोट दाखवत ती हलकेच म्हणाली, "तुम्हाला कशी काय चालते, डॉक्टर?"