फक्कीची रेघ

क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही अनवाणी एका रस्त्यावर उभे आहात. ऊन कोवळं आहे, डांबर अजून तापलेलं नाही. आणि तळपायांना, अगदी खोलवरून, एक बैलगाडी जाताना जाणवते आहे. तुम्ही वळून पाहता. रस्ता मोकळा आहे. ती गाडी गेली त्याला शंभर वर्षं झाली.

दहा वर्षांच्या नभाला त्या सकाळी नेमकं असंच वाटत होतं. फक्त ती अगदीच अनवाणी नव्हती. तिच्या पायांत पातळ, राखी मोजे होते आणि त्यांची तार आत्याच्या हातातल्या पेटीला जोडलेली होती. नभाची वृंदाआत्या रस्त्यांची इंजिनिअर. त्या पेटीला ती थरवाचक म्हणायची.

"पाऊल पडलं की मातीचे कण किंचित कलतात," आत्याने समजावलं होतं. "वर खडी आली, डांबर आलं, तरी खालचे तसेच कललेले राहतात. त्या दाबखुणा. पेटी खाली बारीक आवाज सोडते, त्याचा पडसाद वाचते आणि मोज्यांना सांगते."

"मग तूच चाल ना!"

"माझ्या वजनापुढे त्या खुणा दबून जातात. तुझे पाय म्हणजे पिसं."

हा राज्य महामार्ग बरडगावाहून लोहटेकला जातो. आधी ती गुरांच्या बाजाराची गाडीवाट होती. पाऊण शतकापूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, लोकांना काम मिळावं म्हणून तिच्यावर खडी पडली, पुढे डांबर आलं. सगळा रस्ता माळावरून सरळ जातो. फक्त बरडगावच्या पुढे तो धनुष्यासारखा वाकतो. तिथे ना ओढा, ना टेकडी, ना विहीर. जुन्या नकाशातसुद्धा तिथे सरळच रेघ आहे.

लोक त्याला 'झिंगलेलं वळण' म्हणत. रस्ता आखायला जमिनीवर चुन्याची पांढरी भुकटी ओढतात, ती फक्की. दुष्काळात ती दत्तू मुकादमाने ओढली होती, आणि ती दारू पिऊन ओढली, असं सगळा गाव सांगे.

दत्तूचा मुलगा संपत मुकादम आता पंचाहत्तरी ओलांडलेला. तोही जन्मभर याच रस्त्यावर राबला. आज तो काठी टेकत नभाच्या मागोमाग चालत होता. आता चालकाविना धावणारे ट्रक सुरू होणार होते, म्हणून सोमवारी वळण उकरून रस्ता सरळ करायचा होता. उकरलं की दाबखुणाही जाणार.

"आई म्हणायची, थेंबाला शिवला नाही तो," संपत म्हणाला. "लोक म्हणायचे, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार. खरंच प्यायला असंल तरी चालंल, माय. पण उकरायच्या आधी मला कळू दे."

"आजोबा, त्यांचं पाऊल ओळखू कसं?"

"डाव्या पायाला अंगठा नव्हता. दगडाखाली गेला."

नभाने डोळे मिटले. आत्याने पेटीवरची कळ फिरवली, तशी पेटी थराथराने खाली वाचू लागली. ट्रक विरले, एसट्या विरल्या. रोलरची गुरगुर आली आणि ओसरली. मग पावलंच पावलं आली, जाताना जड, येताना हलकी. पाट्या वाहणाऱ्या माणसांची. आणि त्यांच्याही खाली, एकटं, चार बोटांचं एक पाऊल.

"सापडले!"

"झोकांड्या?" संपतने विचारलं.

"नाहीत. वळणावर चालतायत, पण एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं."

नभा वळण सोडून आतल्या बाजूला उतरली, जिथून सरळ रेघ गेली असती तिथे, आणि थबकली. "आत्या, इथे खूप बायका बसल्यात. एक टाच रुतलेली, दुसरी पुढे-मागे, पुढे-मागे. सगळ्यांचं तसंच. असं का?"

आत्याला उमगेना. संपतने मात्र काठीवर दोन्ही हात ठेवले.

"झोळ्या. हातांनी खडी फोडायच्या आणि पायाला दोरी बांधून लेकराची झोळी हलवायच्या. इथं एकच बाभूळ होती, तेवढीच सावली. तिलाच झोळ्या. त्यातली एक माझी."

"मग झाड वाचवायला रेघ वाकवली, हे तुमच्या बाबांनी साहेबांना सांगितलं का नाही?"

"झाडापायी वाकवली म्हटलं असतं, तर साहेबानं झाड तोडून रेघ सरळ करून घेतली असती. प्यायलो होतो म्हटलं, की शिव्या दिल्या असतील आणि खडी पडू दिली असंल." त्याने काठीने वळणाची कड चाचपली. "जन्मभर पचवलं बापानं. घरातसुद्धा बोलला नाही."

आत्याने पेटीत नोंद केली. वळणापुढचा 'चूक' हा शब्द तिने खोडला. "आता सोमवारी काम होणार नाही. अशी नोंद झाली की आधी ग्रामसभेला विचारावं लागतं, तीच ठरवेल," ती म्हणाली, आणि माळाकडे बघत राहिली. बाभूळ कधीच वादळात पडली होती. "पण काका, ट्रकना सरळ रस्ता हवा आहे. झोळीतली बाळं म्हातारी झाली. हे वळण आता कुणासाठी ठेवायचं?"

नभा वळणाच्या सुरुवातीला परत गेली, दत्तू मुकादमाचं पहिलं पाऊल तळव्याने चाचपलं आणि संपतचा हात धरला.

"इथे डावा पाय ठेवा, आजोबा. आता उजवा. अजून थोडा लांब... तुमचे बाबा मोठ्या ढांगा टाकायचे."