सगळं एकदमच टाका

"बाळ किती महिन्यांचं हाय?"

मिरजेहून सांगलीला जाणाऱ्या बसमध्ये तो मला विचारत होता. नुकतीच त्यानं उठून आपली जागा मला दिली होती. बाहेर श्रावणाची भुरभुर, खिडकीतून गार तुषार... आणि माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला, छातीशी घट्ट धरलेला आमच्या कॉम्प्युटरचा डबा!

"दोन वर्षांचं," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

"लय शांत हाय की. रडत न्हाई?"

"रडत नाही. पण मध्येच अडून बसतं. म्हणून तर दाखवायला चाललेय."

तेवढ्यात गोधडीतून लोंबणारी काळी वायर त्याला दिसली आणि तो इतक्या मोठ्यानं हसला, की कंडक्टरनंही वळून पाहिलं.

"अवं, असल्याच बाळांचा डॉक्टर हाय मी!"

तो विश्वजित. सांगलीत एका बोळात, जिन्यावरच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचा. आणि मी आम्रपाली. मिरजेत घरी बसून मेडिकलच्या पोरांचे प्रबंध टाइप करणारी. त्याच कॉम्प्युटरवर माझा धाकटा भाऊ प्रथमेश गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. त्याला शर्यत अर्ध्यात सोडवत नसे आणि माझा प्रबंध उद्यावर जात नसे. मग गेम तसाच उघडा ठेवून मी टायपिंग उघडायची, की पडदा गोठलाच! एकदा कुणाच्या तरी मणक्यांवरचं अख्खं प्रकरण असं गेलं होतं.

दुकानात विश्वजितनं डबा उघडला, हलकेच फुंकर मारून धूळ उडवली.

"रॅम कमी पडतीय."

"म्हणजे?"

त्यानं डोकं खाजवलं. "आमी जतकडचे धनगर. आजोबा रात्री मेंढ्या वाघरीत कोंडायचे. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. ती लहान आन् मेंढ्या जास्त झाल्या, की आत-बाहेर, आत-बाहेर करत बसायचं. तुमचं मशीन तेच करतंय. म्हणून तर डब्यावरचा तो दिवा सारखा लुकलुकतोय."

"मग वाघर मोठी करा की!"

"करू. पण घाई कशाला?"

आणि खरंच, त्यानं घाई केली नाही. "गेम चालू असताना बघाय पायजे," म्हणत तो घरी आला. मग एक रॅमची पट्टी "लावून बघा आठ दिवस" म्हणून घेऊन आला. मग ती काढायला आला. फौजेतून रिटायर झालेल्या माझ्या बाबांशी गप्पा मारायचा, प्रथमेशशी शर्यत लावून मुद्दाम हरायचा. मी टाइप करायला बसले, की मात्र पडदा सोडून माझ्या बोटांकडं बघत राहायचा.

"काय बघताय?"

"स्पीड."

"मशीनचा?"

"...व्हय. मशीनचाच."

तो गेल्यावर एकदा आई कपबशा उचलता उचलता म्हणाली, "पोरगा चांगला हाय. पण आपुन बौद्ध, ते धनगर. त्याच्या घरात चालंल का, ते त्यानं बोलावं, आमू. आपुन इचारायला जायचं न्हाई. तुझ्या आज्ज्यानं मान ताठ ठिवायला धर्म बदलला, वाकवायला न्हाई."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. म्हणून मी वाट बघायचं ठरवलं.

दिवाळीनंतर एकदा काय ते ठरवायला मी दुकानात गेले. त्यानं वर्तमानपत्रावर रॅमच्या हिरव्या पट्ट्या मांडल्या, शेजारी ग्राफिक्स कार्ड ठेवलं, प्रोसेसर ठेवला. पुढं सरकून म्हणाला, "दोन वाटा हायत. आत्ता नुसती रॅम वाढवू. संक्रांतीला गेमसाठी कार्ड टाकू, पाडव्याला प्रोसेसर. थोडं थोडं. भाव बी उतरतायत."

"नाहीतर?"

"नाहीतर सगळं एकदम. मग वर्ष-दोन वर्षं बघाय नको."

"थोडं थोडं केलं तर दर वेळी तुम्हाला यावं लागेल."

"यीन की! मिरज काय लांब हाय व्हय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्याही झाल्या असतील... मग मला जेवढं विचारता येत होतं, तेवढं मी विचारलं.

"सारखे मिरजेला जाता. घरी आई विचारत नाही?"

"इचारती."

"मग काय सांगता?"

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. खाली बोळात भंगारवाला ओरडत गेला, विश्वजितनं मांडलेल्या पट्ट्या पुन्हा ओळीत लावल्या. मग मान न उचलता म्हणाला, "सांगतो... कुणाचं तरी मशीन बिघडलंय म्हणून."

कुणाचं तरी! मला नाव होतं, घर होतं, खांद्यावर फिती मिरवलेला बाप होता.

"सगळं एकदमच टाका," मी म्हणाले.

"एकदम?" त्यानं वर पाहिलं. "मग परत काय लागायचं न्हाई... आम्रपाली."

त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"तेच बरं."

त्यानं वाद घालावा, थांबवावं, निदान चिडावं तरी, म्हणून मी किती वेळ उभी होते! रागानं केलं असतं, तर काहीतरी चुकलं असतं. पण त्यानं मन लावून केलं. एकेक पट्टी अलगद दाबून बसवली, एकेक वायर आवळून बांधली.

मशीन वाऱ्यासारखं धावायला लागलं. एका बाजूला प्रथमेशची शर्यत, दुसऱ्या बाजूला माझा प्रबंध. कुठं अडणं नाही की गोठणं नाही. विश्वजितला बोलवायला कारणच उरलं नाही.

संक्रांत गेली, पाडवा गेला, वैशाखही उलटला. शेवटी माझाच धीर सुटला. मान वाकली तर वाकली, म्हणून मी सांगलीला गेले आणि जिना चढले. दुकानात एकटे मालक भाऊसो बसले होते.

"या, या! मशीन कसं चाललंय?"

"छान. विश्वजित...?"

"साताऱ्याला हाय की आता, एमआयडीसीत. लगीन झालं त्याचं वैशाखात, मामाच्या पोरीशी." भाऊसो हसले. "तुमच्या मशीनचा लय घोर त्याला. रोज इचारायचा, मिरजेहून फोन आला का? मी म्हणायचो, गड्या, तूच येवढं झकास केलंस, आता कशाला यील फोन?"

भाऊसो पुढं सांगू लागले.

"संक्रांतीला आईला घिऊन हितं आलता. घरी सगळं सांगितलं हुतं म्हणं. तिळगूळ घिऊन दोघं मिरजेला निघाली, आन् स्टॉपवरनं माघारी आली. मी म्हटलं, का रं? तर म्हणतो, 'तेंनीच सगळं एकदम उरकाय लावलंय, भाऊसो. बोलावल्याबिगर कसं जायचं?'"

मी काय बोलले, जिना कशी उतरले, आठवत नाही.

घरी पोचले तेव्हा प्रथमेश शर्यतीच्या शेवटच्या वळणावर होता. "ताई, तुझं काम असलं तर कर गं, मी थांबतो," म्हणून त्यानं खुर्ची सरकवली. मी टायपिंग उघडलं. पापणी लवायच्या आत पान समोर आलं, पांढरंशुभ्र.

त्या एका दिवशी तरी मशीननं अडावं म्हणून, मी नुसतीच पडद्याकडं बघत बसले.