जन्माआधीची वेळ

"मॅडम, इथल्या वायफायचा पासवर्ड काय?"

मैत्रिणीने, नूपुरने, पैजच लावली होती, म्हणून शाल्मलीने चंद्रावरच्या सोमतळाच्या नियंत्रण कक्षात, अख्ख्या वर्गासमोर, मुख्य अभियंता होनप मॅडमना हे विचारून टाकलं. मागे खसखस पिकली.

होनप मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "पासवर्ड नाहीच. आधी जाळं तुला स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतं. तुझं यंत्र त्यावरची सही आणि तारीख तपासतं, पटलं तरच बोलतं. नाहीतर कुणीही जाळ्याचं सोंग घेईल."

तेवढ्यात ध्वनिसंचातून शाल्मलीच्या बाबांचा आवाज आला. "तळ, आम्ही दोघं वायुद्वाराशी पोचलोय. सौरवादळात आमच्या चांद्रबग्गीचं घड्याळ पार मूळपदावर गेलं. ती जाळ्याला जोडूनच घेत नाही. हवा जेमतेम उरलीय."

शाल्मली ध्वनिसंचाजवळ सरकली. आईही त्याच बग्गीत होती.

"बग्गीला वाटतंय, ती आजच कारखान्यातून बाहेर पडलीय," मॅडमचे सहायक किणीकर म्हणाले. "आपलं प्रमाणपत्र या वर्षीचं. तिच्या लेखी ते अजून लागूच झालेलं नाही."

"मग हिच्या बाबांना घड्याळ लावायला सांगा ना," नूपुर म्हणाली.

"हाताने लावता येत नाही," किणीकर म्हणाले. "जुनी तारीख लावून कुणी बाद प्रमाणपत्र खपवू नये म्हणून ती वेळ फक्त जाळ्याकडून घेते. आणि बग्गी दाराला नीट टेकल्याचा निरोप जाळ्यावरून आल्याशिवाय वायुद्वार उघडत नाही."

"म्हणजे वेळ कळायला जाळं हवं आणि जाळं मिळायला वेळ," शाल्मली हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "ती पुढे येत नाही ना, मग आपण मागे जाऊ. तळाचं घड्याळ तिच्या तारखेला न्या आणि त्याच तारखेचं नवं प्रमाणपत्र काढा."

"अगं, ही काय भातुकली आहे?" किणीकर म्हणाले.

"थांबा," होनप मॅडम म्हणाल्या. "आपली मूळ सही बग्गीपेक्षा जुनी आहे. ती पटेल तिला."

त्यांनी घड्याळ मागे नेलं. पडद्यावरची बग्गी हिरवी झाली. वायुद्वार उघडलं. वर्गाने टाळ्या पिटल्या, आणि त्याच क्षणी सगळ्या मुलांच्या मनगटावरच्या ओळखपट्ट्या लाल झाल्या. कक्षाचं काचेचं दार धाडकन मिटलं. त्यावर अक्षरं उमटली: 'अनोळखी व्यक्ती.'

सोमतळावर बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात, तेव्हाच ते जाळ्यालाही सांगतात. पट्टी चालू होते ती त्या दिवसापासून. तळाचं घड्याळ आता या सगळ्यांच्या बारशाच्या कितीतरी आधीच्या दिवसात होतं.

"ते दोघं आत येईपर्यंत घड्याळ पुढे नेता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "बसा निवांत."

"आपण जन्मलोच नाही म्हणे," नूपुर म्हणाली. "जन्माआधी आईबापांना घरात घेणारी तू पहिलीच, शाले."

शाल्मली बसली नाही. मान ताठ करून ती काचेपाशी उभी राहिली. आईबाबा धावत आले. दोघं तळावर आलेल्या पहिल्या तुकडीतले, बग्गीच्याही आधीचे. जाळ्याने त्यांना लगेच ओळखलं, दार उघडलं. आईने तिला घट्ट कवटाळलं.

"घाबरलीस का गं?"

"खूप. पण ऐका, मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्यापासून शाळा सुटली की मी होनप मॅडमच्या हाताखाली शिकणार. मॅडमना अजून विचारलेलं नाही, पण ते मी बघते. यापुढे तुम्ही बाहेर असाल तेव्हा इथल्या खुर्चीवर मी असणार."