ऊन पडलं की चुकणारा पासवर्ड

नालुमिनोचा आवाज चोल्वेच्या कानावर पहिल्यांदा पडला तो भांडतानाच.

फोन खरं तर तिचा नव्हताच. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा वाजत होता, शेजारीण चहा आणायला गेली होती, आणि वाजून वाजून डोकं उठलं म्हणून चोल्वेने तो उचलला.

"लुसाका ना? मग ऐका. इथे एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये, आणि तुमचा कॉम्प्युटर मला विचारतोय, तुम्ही कोण."

बोलणारा दूर पश्चिमेकडच्या मोंगूच्या रक्तपेढीचा प्रमुख होता, नालुमिनो मुकेलाबाई. पासवर्ड सारखा चुकतोय असं म्हणून कॉम्प्युटरने त्याचं खातं बंद केलं होतं. खातं बंद म्हणजे रक्ताची पिशवी बाहेर काढायची परवानगी बंद. तो नियम चोल्वेनेच लिहिला होता. राजधानी लुसाकात बसून देशभरातल्या रक्तपेढ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरतं, कोण शिरायला बघतं, यावर नजर ठेवणं हे तिचं काम. कुणी थोड्या वेळात पाचाहून जास्त वेळा चुकलं की कॉम्प्युटरच्या नोंदींमधून, म्हणजे लॉगमधून, ते आपोआप शोधलं जाईल, खातं बंद होईल आणि तिच्या फोनवर अलर्ट येईल, अशी व्यवस्था तिने नुकतीच बसवली होती. सगळ्यांना पासवर्डही बदलायला लावले होते. आठवडाभर त्याचा तिला केवढा अभिमान होता!

"आत्ता उघडते," ती म्हणाली. "एक मिनिट थांबा."

"मी थांबलेलो नाही. गट जुळवून पिशव्या केव्हाच दिल्या. आता नियम मोडल्याची नोंद कुठे करायची तेवढं सांगा."

बाई वाचली. नालुमिनोने संध्याकाळी फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चोल्वेने नियम बदलला. आता खातं आपोआप बंद होणार नव्हतं. अलर्ट आला की तिने त्या माणसाला स्वतः फोन करायचा, आणि हे तुम्हीच का, असं विचारायचं. यंत्राने ठरवण्यापेक्षा माणसाने माणसाला विचारलेलं बरं, असं तिला वाटलं.

तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की तो माणूस बहुतेक वेळा एकच असणार आहे.

सकाळी अलर्ट. नालुमिनो मुकेलाबाई. दुपारी अलर्ट. नालुमिनो मुकेलाबाई. जेवणाचा डबा उघडला की अलर्ट, केस विंचरायला गेली की अलर्ट. ती फोन करायची आणि तो म्हणायचा, मी नाही. ती म्हणायची, तुमच्याच नावाने येतंय. तो म्हणायचा, मग नावाला विचारा.

"बोटं जाड आहेत का तुमची?" एकदा ती वैतागून म्हणाली.

"बारीक आहेत. सुईने शीर शोधतो मी. आडनावावरून टोंगा दिसता तुम्ही?"

"हो. मग?"

"तरीच. दिवसभर गुरं मोजायची सवय... एखादं जास्त मोजलं जात असेल."

तो लोझी, आणि टोंगा व लोझी या दोन जमातींचं नातं थट्टेचं. अनोळखी असले तरी एकमेकांना हवं ते बोलावं आणि रागवायची सोय नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. चोल्वेने मग तोंड आवरलं नाही. लोझी लोकांचं अर्धं आयुष्य मासे खाण्यात आणि उरलेलं काटे काढण्यात जातं, तेव्हा पासवर्ड लक्षात कुठून राहणार, असं तिने सुनावलं. पलीकडे तो हसला. हसू चांगलं होतं. त्याचाही तिला राग आला.

दिवस असेच चालले. रोज फोन, रोज "मी नाही," रोज थोडी थट्टा. कधी अलर्टचं बोलून संपायचं आणि तरी फोन चालूच राहायचा. तो पुराच्या पाण्याबद्दल सांगायचा, गावोगाव होडीने जाऊन रक्तदात्यांना कसं गाठावं लागतं ते सांगायचा. तिने त्याला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं. त्यांना अजून वाटायचं की मुलगी सरकारी टायपिस्ट आहे. मैत्रिणी विचारायच्या, कुणाशी एवढं बोलतेस? "डोकेदुखीशी," ती म्हणायची.

एका रविवारी अलर्ट आला तेव्हा ती खरंच चिडली. फोन लावला, तर मागे गाण्याचे सूर. तो कुजबुजत सांगत होता. चर्चमध्ये होता, समोर प्रार्थना चालू होती, दोन्ही हात गाण्याच्या पुस्तकावर होते आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. तेवढ्यात तिच्या अलर्टसाठी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर त्याच्याच नावाचा नवा अलर्ट आला.

चोल्वेने ते नाव दोनदा वाचलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "खरंच तुम्ही नाही."

"हे ऐकायला मी चर्चमधून बाहेर आलो असतो," तो म्हणाला. आणि मग हळूच, "पण मग कोण?"

सोमवारी तिने हे साहेबीण कासोंदे मॅडमना सांगितलं. मॅडमना रोजच्या त्या नावाचा केव्हाचाच कंटाळा आला होता. त्या म्हणाल्या, एकतर त्याचं नाव अलर्टमधून वगळ, नाहीतर खातं बंद करून टाक, पण माझ्यासमोर पुन्हा हे नाव नको. चोल्वेने दोन्हीला नकार दिला. नाव वगळलं तर चोराला तेच दार मोकळं. खातं बंद केलं तर पुढची बाळंतीण कुणाच्या भरवशावर? मॅडमनी हात झटकले. मग शोध तूच, म्हणाल्या.

शोधायचं कुठे? तिने चोर डोळ्यांसमोर आणून पाहिला. कुठल्यातरी परक्या शहरात बसलेला, हुशार, निर्दय. पण असला चोर एकच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा का टाकेल? लॉग तर तेच सांगत होता. चोर इतका मठ्ठ कसा असेल, या विचाराने तिचा वैताग आणखीच वाढला.

उत्तर मिळालं ते अवचित. एका दिवशी अलर्ट आलाच नाही. सकाळ गेली, दुपार झाली. चोल्वेला आधी बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि मग तिने कारण नसताना फोन लावला.

"आज काय काम?" नालुमिनोने विचारलं.

"काही नाही... आज तुम्ही चुकला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

तो सांगायला लागला की पहाटेपासून तिकडे पावसाची नुसती झोड उठली आहे, आभाळ खाली आलं आहे, पाणी धक्क्याच्या पायरीला लागलं आहे. ऐकता ऐकता तिला एक शंका आली. तिने जुने लॉग काढले आणि एकेका शांत दिवसाचं नाव घेऊन त्याला विचारलं, त्या दिवशी काय होतं? पाऊस. आणि त्या? पाऊसच, पूर्ण दिवस. पाऊस असला की चोर सुट्टीवर, ऊन पडलं की कामावर.

म्हणजे चोर उन्हावर जगत होता.

"तुमच्याकडे उन्हावर चालणारं काय काय आहे?" तिने विचारलं.

तो विचारात पडला. मग म्हणाला, होडीच्या छपरावर सौरपट्टी आहे. गेल्या पुरात रक्तदात्यांची नोंद करायला एक टॅबलेट तिथे लावला होता. तो अजून तिथेच असेल बहुतेक.

चोल्वेने दुसऱ्याच दिवशी मोंगूला जायची परवानगी मागितली. स्वतः बघायला हवं, असं मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सही केली.

पहाटेची बस दुपारपर्यंत चालत राहिली. मध्ये हत्ती रस्ता अडवून उभे होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. शेजारच्या बाईचं कोंबडं तिच्या पायावर बसून होतं. मोंगू येईपर्यंत ती मनाशी हजारदा म्हणाली, मूर्ख आहेस तू. आणि दर वेळी खिडकीच्या काचेत बघून केस सारखे केले.

बसस्टँडवर ती फोनवरच्या त्या आवाजाला शोभेल असा दांडगा माणूस शोधत होती. समोर आला तो बेताच्या उंचीचा, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेला, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेला. तिची पिशवी त्याने घेतली आणि भलत्याच दिशेला चालायला लागला. मग थांबला, वळला.

"गडबडलो जरा," म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. तिला आपलं हसू आवरेना, तेव्हा तिने कोंबड्याची तक्रार केली.

धक्क्याखाली पाणी क्षितिजापर्यंत पसरलं होतं, मधेमधे गवताची टोकं. होडीत म्हातारा नावाडी सिताली त्यांची वाट बघत बसला होता. चोराचा शोध अगदीच झटपट लागला. छपराखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वायरीला टांगलेला टॅबलेट. बॅटरी पार गेलेली, म्हणून उन्हात जागा व्हायचा आणि ढग आले की मरायचा. जागा झाला की इमानेइतबारे नालुमिनोचा जुना पासवर्ड लुसाकाला पाठवत राहायचा. ढोंग नाही, कपट नाही. पासवर्ड बदलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चोल्वेने त्यातून नाव पुसलं. दोन मिनिटांचं काम. सितालीने विचारलं, एवढंच? आणि तो वर धक्क्यावर मासे विकणाऱ्यांशी गप्पा मारायला निघून गेला.

होडी हलत होती. पाण्यावरचं ऊन छपराच्या आतल्या बाजूला थरथरत होतं. नालुमिनो टॅबलेट हातात फिरवत राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "टॅबलेट आहे हे कळल्यावर हा... तिथून बंद नसता करता आला?"

चोल्वे सुटलेली वायर गुंडाळायला लागली.

"म्हणजे, प्रत्येक यंत्राचा काहीतरी क्रमांक असतो ना? लॉगमध्ये येतो ना तो?"

"येतो."

"मग बसल्या जागी..."

"एका ओळीचं काम होतं," ती म्हणाली. "करता आलं असतं."

"मग दिवसभर बस, हत्ती, ते कोंबडं..."

"नालुमिनो." तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "दुसऱ्याच्या रक्ताचा गट तुम्हाला एका थेंबात कळतो. आणि समोर एवढी मोठी बाई बसली आहे, तिचं काही म्हणता काही कळत नाही?"

त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, तेव्हा कुठे त्याला चुकलेली बटणं दिसली. तो आणखीच लाजला.

"कळलं होतं," तो म्हणाला. "चर्चमध्येच कळलं होतं. पण चुकीचं कळलं असेल तर... तर उद्यापासून तुमचा फोन येणार नाही, असं वाटलं. म्हणून बोललो नाही."

"फोन आता तसाही येणार नाही. अलर्ट संपले."

"हो." त्याचा चेहरा एवढासा झाला. "मग?"

चोल्वेने त्याच्या हातातला टॅबलेट काढून बाजूला ठेवला. हात मात्र सोडला नाही.

"मग काय? इतके दिवस मी करत होते. आता तू कर."

त्या "तू"ने तो दचकला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू हळूहळू उमटलं, जे तिने आजवर फक्त ऐकलं होतं.

"आज रात्री करू?"

"अरे देवा," चोल्वे म्हणाली. "आज कशाला? आज मी इथेच आहे ना."