मास्तरांच्या अंगाला गुलाबाचा वास

आधी वास आला, मग कुत्रा आला आणि त्याच्यामागून, हाताला दोरी गुंडाळलेला तो आला.

धाकटीने नाकाला हात लावला नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. जनावरांच्या डॉक्टरांची ती धाकटी मुलगी. घरात, दवाखान्यात आणि गल्लीतही तिला सगळे धाकटीच म्हणत. वडिलांच्या दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत गेली पाच वर्षं ती लोकांच्या कुत्र्यांना आंघोळी घालत होती. गटारात पडलेली, चिखलात लोळलेली, एकदा तर डांबरात बसलेलं एक कुत्रंही तिने निस्तरलं होतं. पण हा वास वेगळाच होता. ओली लोकर, लेंड्या, नासलेलं दूध आणि आणखी काहीतरी, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. टोपलीत झोपलेली दवाखान्याची मांजर उठली आणि थेट कपाटावर जाऊन बसली.

"आंघोळ घालायची आहे," तो म्हणाला.

"ते कळतंच आहे."

"म्हणजे... घालायची आहे, पण घालायची नाही."

धाकटीने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, शर्टाच्या बाहीला गवताची काडी चिकटलेली. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

मग त्याने सगळं सांगितलं, पण उलट्या क्रमाने. तो मेंढपाळ. गावाबाहेरच्या टेकडीवर त्याच्या सत्तर मेंढ्या. कुत्र्याचं नाव मास्तर, कारण पिल्लू असल्यापासून ते कळपासमोर बसून राहत आणि एकाही मेंढीला वर्गाबाहेर जाऊ देत नसत. लांडग्याला मेंढ्यांपासून दूर ठेवणं हे त्यांचं काम. आणि मेंढ्या मास्तरांना ओळखत त्या फक्त वासावरून. अंगाला साबण लागला की मेंढ्यांच्या लेखी मास्तर म्हणजे कुणीतरी परका कुत्रा. इकडे घर चालवणारी आत्या म्हणत होती की दुपारी पायरीवर झोपायचं असेल तर कुत्र्याला धुऊन आण, नाहीतर त्याला पायरी बंद.

"थोडक्यात," धाकटी म्हणाली, "वास यायला नको, पण वास जायलाही नको."

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की धाकटीला उगीचच आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

मोठं काम अजून व्हायचं होतं. ती वडिलांना विचारायला आत गेली. डॉक्टर म्हणाले, स्वच्छतेसारखं औषध नाही, धुऊन टाक. दारापर्यंत आल्यावर त्यांनीच तिला परत बोलावलं आणि म्हणाले, पण कामाच्या कुत्र्याला शक्यतो धुऊ नये. मग नक्की काय करू, असं तिने विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, ते मेंढ्यांना विचार. तिने ताईला फोन लावला. ताईने कुत्र्याबद्दल ऐकून न घेता आधी विचारलं, माणूस कसा आहे? धाकटीने फोन ठेवून दिला. आपल्याला घाम का आलाय, हे तिला कळेना.

शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. साबण नाही, नुसतं कोमट पाणी. पोटाखालच्या आणि शेपटीखालच्या चिकटलेल्या गाठी कात्रीने कापायच्या, पायांची घाण काढायची आणि पाठ, मान अन् छातीच्या केसांना अजिबात हात लावायचा नाही. मास्तर टबात उभे राहिले ते परीक्षेच्या वर्गात उभं राहावं तसे, कुणाकडेही न बघता. तो त्यांचं तोंड धरून उभा होता. ती वाकली की त्याच्या मनगटाला तिचा खांदा लागे, आणि दर वेळी तो "माफ करा" म्हणे. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "माफी संपेल तुमची. थोडी घरी जायला ठेवा."

तो हसला. हसताना तो खाली बघायचा, ही गोष्ट तिने नको असताना लक्षात ठेवली.

काम जवळजवळ झालं होतं. डॉक्टरांकडून कानाचं औषध आणायला तो निघाला आणि जाता जाता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "रविवारी आत्यानं एका मुलीला जेवायला बोलावलंय. तिच्या मैत्रिणीची मुलगी. म्हणून ही सगळी धुण्याची गडबड."

"अच्छा," धाकटी म्हणाली.

पाच वर्षं प्रत्येक कुत्र्याच्या शेवटच्या बादलीत ती गुलाबाच्या अर्काचं एक टोपण टाकत आली होती. बाटली डाव्या हाताच्या फळीवर असे आणि हात न बघता तिकडे जाई. आज तो तसाच गेला की मुद्दाम गेला, हे तिला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. टोपण बादलीत रिकामं झालं, बादली मास्तरांच्या पाठीवर रिकामी झाली आणि मग ती भानावर आली. ज्या केसांना हात लावायचा नव्हता, तेच ओले झाले होते. तिने दार लोटलं, भराभर तीन बादल्या साधं पाणी ओतलं आणि मास्तरांच्या मानेत नाक खुपसून वास घेतला. गुलाब कुठेच नव्हता. तिला मेंढीचाच वास आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तो औषध घेऊन परतला तेव्हा सांगावं असं तिला वाटलं होतं. पण सांगायचं तर काय सांगायचं? टोपण का टाकलं, हे तो विचारणार. तिने टॉवेल पिळला आणि गप्प राहिली. गाडीत बसताना त्याने एक मोठा श्वास घेतला, तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काहीच न बोलता निघून गेला.

दुसरा दिवस, शुक्रवार, तिने वेंधळेपणात घालवला. एका पामेरियनला दोनदा आंघोळ घातली आणि एका शिकारी कुत्र्याला मांजराचा पट्टा लावून पाठवला. आपण त्या माणसाला पुरते दोन तासही भेटलेलो नाही, त्याच्या घरी कोण जेवतं याच्याशी आपला काय संबंध, असं ती स्वतःला बजावत होती. पटत होतं, पण उपयोग होत नव्हता.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. दोन दिवस मेंढ्या मास्तरांना जवळ येऊ देत नव्हत्या. ते आत गेले की सगळा कळप कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढत होता, आणि त्यात निम्म्या मेंढ्या गाभण. आठवड्याभरात त्या व्यायच्या. पलीकडच्या टेकडीवर लांडगा दिसला होता, शेजाऱ्यांची दोन कोकरं गेली होती. मास्तर आता कुंपणाबाहेर तोंड फिरवून बसले होते, जेवत नव्हते.

"आपण नुसतं पाणीच वापरलं ना?" त्याने विचारलं. "मग असं का झालं असेल?"

"मी येते," धाकटी म्हणाली, आणि पहिली मिळाली ती बस पकडली.

टेकडीवर भुरभुर पाऊस होता. तो फाटकाशी वाट बघत उभा होता. दोन रात्री कुंपणाशी जागून काढल्यामुळे त्याचे डोळे लाल होते. धाकटीने बसमध्ये जे घोकलं होतं ते सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं. टोपण, बादली, तीन वेळा धुणं, गप्प बसणं. "मला वाटलं वास गेला. मला आलाच नाही," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला उमगलं. दिवसभर गुलाबात हात बुडवणाऱ्या बाईच्या नाकाला गुलाब कुठून कळणार? पाच वर्षांत तिला तो वास येईनासाच झाला होता.

त्याने फाटक उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, आणि ते काय हे ओळखायला तिला वेळ नव्हता.

"मेंढ्यांनी नाकारलं तर यांचं काय करू मी?" तो मास्तरांकडे बघत म्हणाला. "दुसरं काही येत नाही त्यांना."

"न धुतलेली लोकर आहे?"

लोकर होती. मागच्या कातरणीची दोन पोती शेडच्या माळ्यावर पडली होती. सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीची लोकर त्याने वेगळी काढून आणली. तिला तो सासूबाई म्हणत असे, कारण तिने पसंत केल्याशिवाय कळपात कुणाचं काही चालत नव्हतं. ती चिकट, तेलकट लोकर मुठीत धरून दोघांनी मास्तरांना चोळायला सुरुवात केली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने तो. मानेवर, पाठीवर, छातीवर, कानामागे. मग मेंढ्यांखालचं ओलं गवत आणलं, त्यावर मास्तरांना लोळवलं, आणि पुन्हा लोकर. तासाभरात धाकटीच्या कोपरापर्यंत तेल चढलं, केसांत गवत गेलं. तिच्या अंगाला जो वास येत होता तो घेऊन ती दवाखान्यात गेली असती तर मांजर छपरावर गेली असती.

आत्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, दोघांकडे आणि मग कुत्र्याकडे बघितलं. धुतलेल्या कुत्र्याला पुन्हा घाण कशासाठी लावताय, असं त्यांनी विचारलं. दोघंही लोकर चोळतच राहिले. "मला काही समजत नाही बाई," असं म्हणून त्या आत गेल्या. धाकटीला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

दुपारी त्यांनी मास्तरांना कुंपणात सोडलं. मेंढ्या एकदम थांबल्या. सासूबाई पुढे आली, मान खाली घातली आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. मास्तर जागच्या जागी खाली बसले, नजर दुसरीकडे. धाकटी कुंपणाला धरून उभी होती. मेंढी दोन पावलं आली, थांबली, पुन्हा पाय आपटला. मग तिने मास्तरांच्या मानेशी नाक नेलं आणि बराच वेळ ते तिथेच ठेवलं. शेवटी तिने मास्तरांच्या अंगाला अंग घासलं आणि शेजारचं गवत खायला लागली. बाकीच्या मेंढ्या एकेक करून पांगल्या. मास्तर उठले नाहीत, पण त्यांची शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

धाकटीला रडू आलं. तेलकट हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून ती तशीच उभी राहिली.

"मला राग आला होता," ती म्हणाली. "त्या जेवायला येणाऱ्या मुलीचा. मी कोण राग येणारी, तेच कळत नव्हतं... अजूनही कळत नाही. टोपण चुकून पडलं की मी टाकलं, तेही माहीत नाही. तुमच्या मास्तरांची नोकरी जाणार होती माझ्यामुळे."

तो कुंपणावर हात टेकून उभा होता. त्याने गवताची एक काडी सोलली.

"त्या दिवशी परत येताना गाडीभर गुलाबाचा वास होता," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझा आहे. म्हणून वाटभर काच खाली केली नाही."

तो तिला तू म्हणाला होता. ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं.

"म्हणजे वास आला होता तुम्हाला? आणि सकाळी फोनवर विचारलंत, असं का झालं म्हणून?"

"मला खरंच वाटलं नाही कुत्र्याचा असेल म्हणून." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "तसा ओढा आहे माझ्या घरामागे. साध्या पाण्यानं मीच धुतलं असतं. पण मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे कोकरू घेऊन आलो होतो, तेव्हा तू एका बुटक्या कुत्र्याला रागावत होतीस. चांगलीच रागावलीस. मग इकडेतिकडे बघून, हळूच त्याची माफी मागितलीस. तेव्हापासून मी... कारण शोधत होतो. आत्यानं पायरी बंद केली तेव्हा मला इतका आनंद झाला की तिला काही कळेचना."

"आणि उद्याची मुलगी?"

"ती जेवेल आणि जाईल. आत्याला मी आजच सांगतो. मला तू आवडतेस. हे गुरुवारीच सांगायचं होतं, पण तोंड उघडलं आणि..."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. डॉक्टर होते. चारची बस पकडतेस ना, असं विचारत होते. तिने टेकडीखालच्या रस्त्याकडे पाहिलं. बस लांबून येताना दिसत होती, अजून ती धावत खाली गेली असती तर मिळाली असती.

"नाही बाबा, थांबतेय. जेवून येईन."

कुत्र्याला बरं नाही का अजून, असं डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

"कुत्रा बरा आहे. मेंढ्यापण बऱ्या आहेत." तिने एक श्वास घेतला. "मला थांबायचंय, म्हणून थांबतेय."

पलीकडून, बरं, एवढंच म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

खाली बस थांबली, कुणी चढलं नाही, आणि निघून गेली. तो कुंपणाजवळच्या लोकरीच्या पोत्यावर बसला होता. तो थोडा बाजूला सरकला. धाकटी त्याच्या शेजारी जाऊन बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि या खेपेला त्याने माफी मागितली नाही.