गालातला उंट

दार लोटून घ्या आणि मधे बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस माझ्या ओळखीतला, रोज संध्याकाळी आम्ही एकाच बाकावर बसायचो. सगळे त्याला कवळीवाला म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्याची कवळ्या बनवायची खोली. फळीवर चाळीसएक लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, वरचा खालच्यावर ठेवलेला, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. हाताला कसब होतं, पण ओल्या तोंडाची त्याला भयंकर किळस. वाळलेले साचे दिवसभर हाताळेल, आणि लाळेचा एक धागा दिसला की त्या दिवशीचं जेवण गेलंच. न्हाव्यानं केसांना नाक मुरडावं तसला प्रकार, पण होता खरा.

दुसरं वेड बुद्धिबळाचं. वाचनालयाच्या माडीवर क्लब होता. पांढऱ्या सोंगट्या मिळाल्या की हा वाघ, काळ्या मिळाल्या की पंधराव्या चालीला शेळी. क्लबातल्याच एका फोटोवाल्यानं त्याला तीन वर्षं लागोपाठ अंतिम सामन्यात लोळवलं आणि वर चारचौघांत विचारलं, काळी घेऊन बसता तरी कशाला? ते त्याच्या जिव्हारी लागलं. तो गणिताच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी फ्रेंच बचाव शिकवायचं कबूल केलं. दर मंगळवारी एक, असे आठ धडे. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण आपलं एकच घर सरकवायचं, मग वजिरापुढचं दोन. भिंत पक्की होते, पण वजिराशेजारचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून पडतो. सगळं दुखणं त्या उंटाचं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तो काळा उंट पटावरून उचलला आणि स्वतःच्या गालात ठेवला. म्हणाले, नाहीतरी कोंडलेलाच आहे. आठव्या धड्याला सोडवायला शिकवीन, तेव्हा घे परत.

आणि शिकवताना तो लाकडाचा तुकडा तोंडात घोळवत राहायचे. टक... टक... जुन्या कवळीच्या दातांवर. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर, तिथून पटावर. शी. कवळीवाला घरी जाऊन तीनदा साबणानं हात धुवायचा. शिकायचा मात्र हावरटासारखा.

त्यातच मास्तरांना नवी कवळी हवी होती. माप डॉक्टर घ्यायचे, पण हे घरचेच, म्हणून यानं घेतलं. कसं घेतलं? मान फिरवून, श्वास रोखून, उरकून टाकल्यासारखं. कवळी नीट बसली नाही. सातव्या धड्याला मास्तर म्हणाले, हिरडीला टोचतंय, जरा बोट घालून बघ. हा म्हणाला, पुढच्या मंगळवारी बघू. आणि त्या किळसेपायी पुन्हा तिकडे फिरकला नाही. हिरडी चिघळली, खाणं तुटलं, दोन महिन्यांत मास्तर गेले. तोवर दर मंगळवारी पट मांडून वाट बघायचे म्हणे. हा माणूस मातीलाही गेला नाही. कामापुरता मामा, दुसरं काय. मित्र असला म्हणून काय झालं, मला त्याची शिसारी आली होती तेव्हा.

पण काम संपलं नव्हतं ना. वर्षभरानं पुन्हा अंतिम सामना, पुन्हा फोटोवाला, आणि चिठ्ठीत याला पुन्हा काळी. आठवा धडा राहिलेला. मास्तरांनी सगळं एका वहीत लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं. सामन्याच्या आदल्या रात्री, अकरा मार्च, मंगळवार, सव्वानऊला तो त्यांच्या दारात उभा राहिला.

मास्तरांची मुलगी नर्स, रात्रपाळीला निघाली होती. वही पटाखाली आहे, जाताना कडी घाला, एवढंच म्हणाली. बसा म्हणाली नाही. का म्हणेल?

खोलीत पट मांडलेला. दोन्हीकडची दोन-दोन प्यादी पुढे, पांढऱ्याची चाल. काळ्या उंटाचं घर रिकामं. त्यानं वही ओढली, उभ्यानंच शेवटचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, आठवा धडा. खाली एकच ओळ, समोर बसल्यावर.

हा चरफडला. म्हणाला, आपणच शोधू, त्यात काय. आणि खुर्ची ओढून बसला.

समोरची खुर्ची रिकामी. लवंगेच्या तेलाचा वास आला. त्याखाली दुसरा... तोंडाचा. त्यानं रुमाल नाकाला लावला.

टक.

उंदीर असेल.

टक... टक...

तो आवाज त्याला ठाऊक होता. समोरूनच येत होता. त्यानं डोळे मिटले. उघडले. पांढरं प्यादं एक घर पुढे गेलं होतं. प्याद्याच्या डोक्यावर एक थेंब. थेंबाला धागा. धागा वर जात होता... वर... कुठेच चिकटलेला नव्हता.

आवाज थांबला. मग अगदी जवळून, शिकवतानाच्याच शांतपणे...

"टोचतंय रे. बघ ना जरा."

वही तिथेच टाकून तो पळाला. घर लांब, दवाखाना दोन गल्ल्यांवर. कुलूप उघडलं, सगळे दिवे लावले, आतून कडी घातली. पहिल्यांदा हात धुतले. मग फळीकडे बघितलं.

साचे सगळे कोरडे. एक सोडून.

मास्तरांचा साचा ओला होता. वर्षाचा जुना, दगड झालेला. त्यात दात नाहीत, नुसत्या हिरड्या. त्या मिटलेल्या. मधे काळं काहीतरी... उंटाचं डोकं.

त्यानं चिमट्यानं ओढलं. येईना. जबडे उचलून वेगळे करायला गेला. होईनात. कोंडलेला सोडवायचा तर एकच वाट होती. तो रडला म्हणे. तिथेच बेसिनमध्ये ओकला. मग बोट आत घातलं.

बाहेरून गार प्लास्टर. आत... ऊन. मऊ. बोटाला चिकटणारं. त्यानं मान फिरवली नाही या वेळी. हिरडीवरून बोट फिरवत नेलं, सावकाश, जसं तेव्हा न्यायला हवं होतं. उजवीकडे मागे एक उंचवटा लागला.

"इथेच ना, मास्तर?" त्यानं विचारलं.

जबडा सैल झाला. टक. उंट त्याच्या तळहातावर आला.

दुसऱ्या दिवशी फोटोवाला न खेळताच जिंकला. कवळीवाला त्या वेळी मास्तरांच्या मुलीच्या दारात बसला होता, ती पाळीवरून यायची वाट बघत. तिनं काय ऐकवलं ते त्यानं मला सांगितलं नाही. उंट मात्र तिनं घेतला नाही, आणि त्याच्याच्यानं तो घरात ठेववेना. मग माझ्याकडे आला.

हा बघा, या रुमालात. सकाळीच कोरडा पुसून गुंडाळलाय, आणि सकाळपासून खिशातच आहे. थांब, बोट आवर. पटावरचा नियम ठाऊक आहे ना? हात लावला की उचलावा लागतो.

नाही ना कुणाला उचलायचा? बरं. मीच उचलतो.

आता रुमालाकडे बघा. तो ओला डाग दिसतोय?