दोन कानांसाठी दोन ॲम्प

कानांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. बदलापूरला, कात्रपमधल्या एका दवाखान्यात एकोणीस वर्षं मी कान तपासते. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन द्यायचे, बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. शेवटी कागदावर एक रेघ निघते, ती जितकी खाली घसरेल तितका कान गेलेला. माणसं स्वतःच्या कानांबद्दल सर्रास खोटं बोलतात, पण रेघेपुढे कुणाचं काही चालत नाही.

माझ्या नवऱ्याची, कैलासची, रेघ मीच काढली. अंबरनाथच्या एमआयडीसीत बावीस वर्षं तो पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. उजवा कान निम्मा गेला, डावा जवळजवळ सगळा. त्याआधी तो शंकरदादांच्या गायन पार्टीचा मुख्य गायक होता. बुद्ध-भीमगीतं त्याच्यासारखी गाणारा आमच्या भागात दुसरा नव्हता, आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही. मग एका जयंतीला स्टेजवर तो पेटीपेक्षा अर्धा सूर खाली गायला. सगळ्यांना कळलं, त्याला सोडून. खाली उतरल्यावर कुणीच काही बोललं नाही, त्यावरून त्याने काय ते ओळखलं.

त्यानंतर सहा वर्षं तो गायला नाही. आम्ही उल्हासनगरच्या एकाच चाळीत वाढलो, मी त्याला लहानपणापासून अरे-तुरे करते, सासूबाई त्यावरून शेवटपर्यंत धुसफुसल्या. त्याचा आवाज घरात नसला की मला करमत नाही. श्रवणयंत्र लावून पाहिलं. पण ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, पेटीचा सूर त्यात चिरकतो. "यापेक्षा बहिरा बरा," म्हणाला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. पार्टीची जुनी रेकॉर्डिंग्ज त्याच्या खिशातल्या छोट्या प्लेयरवर होती. मोठे हेडफोन लावले तर तेवढ्याशा प्लेयरचा दम पुरत नव्हता.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जयदेवभाई जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात, नवेही जोडतात. मी त्यांच्यापुढे प्लेयर, हेडफोन आणि कैलासचा रिपोर्ट ठेवला. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग कागद चक्क उलटा धरला.

"बघा मॅडम, आता डोंगर झाला. जेवढा खड्डा, उतना भराव. दोन कान अलग आहेत ना, तर दोन ॲम्प बनवतो. एक डब्बी एका कानाची."

एकोणीस वर्षांत तो कागद उलटा धरायचं मला सुचलं नव्हतं. मी अख्खी दुपार त्यांच्या बाकड्यावर बसून पाहत राहिले. तंबाखूच्या दोन चपट्या डब्या, त्यात नखाएवढे भाग, आणि साठी उलटलेल्या माणसाचा जराही न थरथरणारा हात. असं काम पाहायला मिळालं की मला दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटतो.

"हेडफोनच्या भोकात घालायचं नाय," वायर देताना ते म्हणाले. "खालच्या लाइन-आउटमधून घ्यायचं. उधर आवाज कोरा असतो."

घरी येऊन तसंच जोडलं. कैलास खिडकीपाशी खुर्चीत बसला. गाणं सुरू झालं आणि त्याचे डोळे भरले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

"पेटीचा भाता ऐकू येतोय," तो म्हणाला. "गाण्याच्या आधी श्वास घेतो ना, तो."

महिनाभर तो रोज रेकॉर्डिंगसोबत गायला. सूर हळूहळू जागेवर आला. शंकरदादा एकदा येऊन, मांडीवर ठेका धरून ऐकत बसले आणि म्हणाले, "कैलास, पुढचा मोठा कार्यक्रम तुझा." तो आठवडाभर हवेत होता.

मला आता ॲम्प लावलेली रेघ काढायची होती. दवाखान्यातले चाचणीचे आवाज मी प्लेयरमध्ये भरून घेतले, मधली अंतरं मुद्दाम वेडीवाकडी ठेवली, म्हणजे अंदाजाने बोट वर करता येऊ नये. प्लेयरमधून एक फाटा काढून माझ्याही कानात साधा इयरफोन घातला. रविवारची दुपार होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

पहिल्या आवाजाला कैलासचं बोट वर गेलं आणि मग आवाज आला.

पेशंट घाई करतात, आम्हाला त्याची सवय असते. पण बावीसच्या बावीस आवाजांना बोट आधी गेलं, दर वेळी साधारण अर्धा सेकंद. मी प्लेयरच्या पडद्यावर सेकंद मोजले. क्रम बदलून पुन्हा घेतलं, तेच. पुढच्या रविवारी अंतर तीन सेकंदांवर गेलं होतं. एकही आवाज चुकला नाही, एकही जास्तीचा नाही. इतकी सुरेख चाचणी मी आयुष्यात घेतली नव्हती, आणि रिपोर्टवर काय लिहावं ते मला कळेना.

डब्या घेऊन मी कॅम्पात गेले. जयदेवभाईंनी उघडल्या, मीटर लावलं, सगळं जागच्या जागी होतं. मी सेकंदांचं सांगितलं.

"मैंने सिर्फ बढ़ाया है, मॅडम. जे आहे तेच वाढतं. नाही ते कुठून आणू?"

"एकदा तुम्ही स्वतः ऐकून बघा ना," मी हेडफोन पुढे केले.

त्यांनी दोन्ही हात फडक्याला पुसले आणि डब्या माझ्याकडे सरकवल्या. "ठीक चल रहा है ना? चलने दो."

मी कैलासला म्हटलं, काही दिवस नको लावूस. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच डब्या परत त्याच्या हातात दिल्या. सहा वर्षांची ती शांतता मला पुन्हा घरात नको होती.

एका सकाळी तो हेडफोन लावून बसला होता. "शिट्ट्या झाल्या, कुकर उतरव," म्हणाला. मी डाळ अजून धुतलीही नव्हती. प्लेयर पाहिला तर गाणं थांबवलेलं होतं, ॲम्पचे दोन दिवे तेवढे लागलेले.

मंगळवारी त्याने मला शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द सांगितलं. भांडण गुरुवारी झालं.

मी घाबरले होते. तरी खरं सांगते, मला अभिमानही वाटत होता. मी बहिरा म्हणून शिक्का मारलेला माणूस आमच्या सगळ्यांच्या पुढचं ऐकत होता.

गेल्या रविवारी मी मेथी निवडत होते. कैलास खुर्चीत डोळे मिटून बसला होता. हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"कीर्ती, मी गातोय," तो म्हणाला. "आपली पार्टी आहे. ढोलकीवर शंकरदादा. आवाज काय लागलाय माझा!"

मी मेथी टाकून त्याच्यापाशी जाऊन बसले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"स्टेजवर?"

"हॉल आहे. पंखे फिरतायत. खूप माणसं आहेत, पण गडबड कुणी करत नाही. सगळे माझंच ऐकतायत."

"सूर?"

"एकदम जागेवर." तो हसला. "तुझ्या दोन्ही बहिणी आल्यात नाशिकहून. पहिल्या रांगेत असतील, जवळून आवाज येतोय."

"त्या कधीपासून तुझ्या कार्यक्रमाला यायला लागल्या?" मी चिडवलं.

"आल्यात खऱ्या."

"आणि मी? मी कुठेय?"

तो ऐकत राहिला. एका हाताने हेडफोनची डावी बाजू कानाशी दाबून धरली.

"तू बोललेली नाही ऐकू येत," तो म्हणाला. "पण माझ्या गाण्याआधी सूत्रसंचालकाने तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव."

आमच्याकडे माईकवर नुसतं नाव कधी घेत नाहीत. हयात बाईच्या नावाआधी आयुष्मती म्हणतात. गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित.

"नावाच्या आधी काय म्हणाला तो?" मी विचारलं.

कैलासने हेडफोन काढले. उजवा ॲम्प बंद केला, मग डावा. माझ्याकडे न बघता तो वायर गुंडाळत राहिला.

"तेवढं नाही ऐकू आलं," तो म्हणाला.